माळ्यावरची प्रकाशतलवार आणि तिच्या पोटातील बॅटरी

परीक्षा संपल्या की नवी मुंबईतील अनेक घरांत एक लांबट खोका येतो. त्यात धातूची किंवा कठीण प्लास्टिकची मूठ असते, तिला पारदर्शक नळीचे पाते जोडलेले असते. कळ दाबताच पाते निळ्या किंवा लाल प्रकाशाने उजळते आणि हात हलवताच घुमणारा आवाज येतो. मुले तिला ‘लाइटसेबर’ म्हणतात; मराठीत प्रकाशतलवार म्हणता येईल. पहिले दोन महिने ती मुलांच्या हातून सुटत नाही. मग शाळा सुरू होते, पाऊस लागतो आणि तलवार खोक्यासकट माळ्यावर जाते. दिवाळीच्या सुट्टीत तिची आठवण होते. खाली काढली तर ती पेटत नाही. घरातील कोणीतरी हाताशी असलेला चार्जर लावतो आणि सकाळपर्यंत भरेल या समजुतीने झोपी जातो.

या अखेरच्या कृतीत जो धोका दडलेला आहे त्याची कल्पना फार थोड्या घरांना असते. खेळणे तेच राहिलेले असते. मात्र त्याच्या पोटातील बॅटरी चार महिन्यांत बदललेली असते. ज्या घरात धान्याला कीड कधी लागते, मसाल्याला ओल कशी धरते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या घराला ही गोष्ट समजण्यास कठीण नाही. बॅटरी हा नाशवंत माल आहे. तो न वापरताही झिजतो, आणि कसा ठेवला यावर त्याचे आयुष्य व घराची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात.

गंमत अशी की या तलवारीचा जन्मच एका बॅटरीच्या नळीतून झाला. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात नायकाच्या हाती दिलेली मूठ ही ग्राफ्लेक्स या अमेरिकन कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची नळी होती. चित्रपटाचे सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनमधील छायाचित्रण साहित्याच्या दुकानात सापडली. मूळ वापरात त्या नळीत टॉर्चचे मोठे सेल बसत. पुढे या तलवारीची एवढी आवड निर्माण झाली की २०१९ साली फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने प्रकाशतलवारीच्या द्वंद्वाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. मुंबईतील कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांतही पात्रांचा वेश करून आलेल्या तरुणांच्या हाती ती दिसते. आजच्या चांगल्या प्रतीच्या प्रतिकृतीत दिवे, ध्वनिक्षेपक, हालचाल ओळखणारा फलक आणि त्या साऱ्यांना वीज पुरवणारा एक लिथियम-आयन सेल असतो. बहुधा तो १८६५० या मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. हाच सेल टॉर्च, पॉवर बँक, हातपंखे आणि काही विद्युत दुचाक्यांतही आढळतो. म्हणून पुढील विवेचन तलवारीपुरते असले तरी त्याचा उपयोग घरातील बहुतेक उपकरणांना होईल.

सेलच्या आत काय घडते

लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली ती जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ साली. या शोधाचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सेलमध्ये दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, एकीवर ग्राफाइट आणि दुसरीवर धातूच्या ऑक्साइडचा लेप. दोहोंच्या मध्ये केसाहून पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पापुद्रा असतो, आणि सारे काही ज्वलनशील द्रवात भिजलेले असते. सेल भरताना लिथियमचे आयन एका पट्टीकडून दुसरीकडे जातात. वापरताना परत येतात. मधला पापुद्रा फाटला किंवा वितळला की दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात, उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात आणि काही क्षणांत सेल पेट घेतो.

सेलची स्थिती व्होल्टमध्ये मोजतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, साधारण निम्मा भरलेला ३.७ ते ३.८ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की तो रिकामा समजावा. हे तीन आकडे लक्षात ठेवले तरी निगा राखण्याचे अर्धे काम झाले. साधा मल्टिमीटर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि मोजणी क्षणात होते.

दोन शत्रू: भरलेपण आणि रितेपण

साठवणीत सेलला दोन गोष्टी मारक ठरतात. पहिली म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी पडून राहणे. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीकोशातील तक्ता याबाबत बोलका आहे. २५ अंश सेल्सिअस तापमानात ४० टक्के भरून वर्षभर ठेवलेल्या सेलची सुमारे ९६ टक्के क्षमता टिकते. तोच पूर्ण भरून ठेवला तर सुमारे ८० टक्केच उरते. तापमान ४० अंश असेल तर ४० टक्के भरलेल्या सेलची क्षमता सुमारे ८५ टक्क्यांवर येते आणि पूर्ण भरलेल्याची ६५ टक्क्यांवर. गच्चीखालच्या मजल्यावरील माळा, पत्र्याच्या छपराचे गोदाम किंवा उन्हात उभी केलेली मोटार, या ठिकाणी मे महिन्यात ४० अंशांचा टप्पा सहज ओलांडला जातो. भरून ठेवलेले बरे, ही धान्याच्या कोठीची सवय येथे लागू पडत नाही.

दुसरा शत्रू रितेपण. अनेकांना वाटते की कळ बंद केली म्हणजे तलवारही बंद झाली. वास्तविक मुठीतील फलक पुन्हा कळ दाबली जाण्याची वाट पाहत जागाच असतो आणि थोडी वीज घेत राहतो. हा प्रवाह अवघा एक मिलिअँपिअर मानला, तरी ३००० एमएएच क्षमतेचा पूर्ण भरलेला सेल ३००० तासांत, म्हणजे १२५ दिवसांत रिता होतो. आषाढात माळ्यावर गेलेली तलवार कार्तिकापर्यंत रिकामी होण्यास एवढे पुरेसे आहे. निम्मा भरलेला सेल तर दोन महिन्यांतच संपेल. म्हणून नुसते निम्मे भरून ठेवणे पुरत नाही. फलकाचा आणि सेलचा संबंधही तोडावा लागतो.

सेल २.५ व्होल्टच्याही खाली जाऊन दीर्घकाळ तसाच राहिला तर आतील तांब्याची पातळ पट्टी द्रवात विरघळू लागते. त्यानंतर चार्जर लावला की तेच तांबे सूक्ष्म कणांच्या रूपाने नको तेथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट सर्किटचा मार्ग तयार होतो. दिवाळीच्या सुट्टीत रात्रभर चार्जिंगला लावलेली तलवार धोकादायक ठरते ती या कारणाने. मृत सेलला पुन्हा जिवंत करण्याचे अनेक उपाय सांगितले जातात. त्यांपैकी एकही घरात करू नये. काही शे रुपयांचा सेल वाचवण्यासाठी घर पणाला लावण्यात हिशेब नाही.

घरातील साठवणीची रीत

तलवार महिनाभराहून अधिक काळ वापरायची नसेल तर प्रथम तिची रचना पाहावी. मूठ फिरवून सेल बाहेर काढता येत असेल तर काम सोपे आहे. सेल ३.७ ते ३.८ व्होल्टपर्यंत आणावा, काढावा आणि त्याच मापाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. सुटा सेल किल्ल्या, नाणी किंवा स्क्रू असलेल्या खणात कधीही टाकू नये. धातूचा तुकडा सेलच्या दोन टोकांना एकाच वेळी टेकला की तो तापू लागतो. सेलवरील प्लास्टिकचे वेष्टन फाटले असेल तर तो वापरातून काढावा, कारण वरच्या टोकाच्या सभोवतालचा सारा पत्रा ऋण टोकाचाच भाग असतो आणि ते वेष्टन हाच त्याचा आडोसा आहे.

सेल आत पक्का बसवलेला असेल तर मुठीला एखादी ‘किल की’ दिली आहे का ते पाहावे. चार्जिंगच्या छिद्रात बसणारी ही लहानशी खुंटी असते. ती लावली की फलक आणि सेल यांचा संबंध तुटतो. काही तलवारींना त्यासाठी वेगळी कळ असते. खुंटी हरवू नये म्हणून ती दोऱ्याने मुठीला बांधून ठेवणे उत्तम. अशी कोणतीच सोय नसेल तर तलवार सुमारे ६० टक्के भरून ठेवावी आणि दर महिन्याला पाहावी.

जागा थंड व कोरडी असावी. नवी मुंबईतील कपाटाचा खालचा खण माळ्यापेक्षा केव्हाही चांगला. स्वयंपाकघराचा ओटा, देवघरातील दिव्याजवळची जागा आणि खिडकीची कड टाळावी. खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्याची दमट हवा मुठीतील स्प्रिंगांवर आणि संपर्कपट्ट्यांवर गंज चढवते. म्हणून मूठ झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवावी. सेल फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. बाहेर काढताच त्यावर दव धरते आणि लाभापेक्षा हानीच होते. स्वस्त तलवारींत पेन्सिल सेल असतात. तेही काढूनच ठेवावेत, अन्यथा त्यांतून क्षार पाझरून संपर्कपट्ट्या खराब होतात.

पावसाळ्यात पिठाची मर्यादा ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७, असा हिशेब पाळणाऱ्या घरांत डब्यावर तारीख लिहिण्याची सवय असतेच. तीच सवय येथे लावावी. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवावी: ठेवल्याची तारीख, त्या वेळचे व्होल्ट, पुढील पाहणीचा महिना. ही तारीख लक्षात राहावी म्हणून पाडवा, आषाढाचा आरंभ, दसरा आणि संक्रांत हे चार दिवस नेमले तर दर तीन महिन्यांनी पाहणी आपोआप होते. सेल ३.५ व्होल्टच्या खाली उतरलेला दिसला तर पुन्हा निम्म्यापर्यंत भरावा.

भरताना घ्यावयाची काळजी

सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथील एका घरात रात्री विद्युत स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत निजलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचे निधन झाले. स्कूटरच्या बॅटरीपुढे तलवारीचा एक सेल फार लहान आहे, हे खरे. परंतु एक पेटलेला सेलही अंथरुणाला आग लावू शकतो, आणि मुलांची खेळणी बहुधा मुलांच्या अंथरुणाजवळच चार्जिंगला लावलेली असतात. त्या घटनेतून घ्यावयाचा बोध हाच की घर झोपलेले असताना कोणतीही लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नये.

चार्जिंग जागेपणी, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर आणि फरशीवर किंवा दगडी ओट्यावर करावे. गादी, सोफा, पडदे व कागद यांपासून दूर आणि बाहेर जाण्याच्या वाटेपासूनही दूर. तलवारीसोबत आलेलीच वायर वापरावी. छिद्रात पिन बसते म्हणून दुसऱ्या उपकरणाचा चार्जर लावणे धोक्याचे आहे, कारण पिनचे माप सारखे असले तरी व्होल्ट सारखे असतातच असे नाही. खेळून तापलेली मूठ अर्धा तास निवू द्यावी आणि मग चार्जिंगला लावावी. भरल्याची खूण दिसताच वायर काढावी. चार्जिंगच्या वेळी मूठ कोमट होणे स्वाभाविक आहे. हात ठेववणार नाही इतकी तापली, गोडसर रसायनासारखा वास आला किंवा चरचर ऐकू आली तर ती वापरातून कायमची काढावी. काही तलवारींत गोल सेलऐवजी चपटी पाकीटबंद बॅटरी असते. ती फुगलेली दिसणे ही शेवटची सूचना समजावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये.

पेढीवरचा आणि गोदामातला माल

वाशी-तुर्भे परिसराने मुंबईचा घाऊक व्यापार बहरताना पाहिला आहे. मस्जिद बंदर भागातील धान्य व मसाल्याची घाऊक पेठ येथे आली, आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवाचे बंदरही जवळच आहे. खेळणी, भेटवस्तू आणि विद्युत उपकरणे यांच्या व्यापारात शिरलेल्या कुटुंबांसाठी बॅटरीचा प्रश्न घरापुरता राहत नाही.

सागरी मार्गाने आलेला माल कारखान्यातून निघाल्यापासून किरकोळ दुकानात पोहोचेपर्यंत काही महिने उलटलेले असतात, आणि त्या काळात सेल हळूहळू उतरत असतो. विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवताना त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम एप्रिल २०१६ पासून आहे. म्हणजे माल हाती येतो तेव्हा मुळातच त्यातील शिलकी चार्ज बेताचा असतो. असा माल गोदामात दोन हंगाम पडून राहिला तर खोका नवा दिसला तरी आतला सेल मृत असू शकतो. जो माल आधी आला तो आधी विकावा, हा धान्याच्या व्यापारातील जुना दंडक येथे अधिकच लागू आहे. प्रत्येक खोक्यावर आवक-तारीख लिहावी, दर तीन महिन्यांनी काही नग उघडून व्होल्ट तपासावेत, आणि परत आलेला किंवा आदळलेला नग विक्रीच्या मालात मिसळू नये.

खरेदीच्या वेळी दोन खुणा पाहाव्यात. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू होते. लिथियम सेलसाठी भारतीय मानक ब्युरोची वेगळी नोंदणी लागते आणि त्याचे मानक आयएस १६०४६ आहे. मोठ्यांसाठीची संग्राह्य प्रतिकृती लहान मुलाचे खेळणे म्हणून विकू नये. सेलवर छापलेल्या क्षमतेकडेही डोळसपणे पाहावे. नामांकित उत्पादकांचे १८६५० सेल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. मग ज्या सेलवर ९९०० एमएएच असे छापलेले आहे त्याच्या उत्पादकाने इतर बाबतींत प्रामाणिकपणा पाळला असेल, असे मानण्यास आधार उरत नाही.

साठवण कोठे करायची, हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादेत एका इमारतीत खाली विद्युत दुचाकींची शोरूम आणि वर लॉज होते. खाली लागलेल्या आगीचा धूर जिन्याने वर चढला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. खाली दुकान आणि वर घर ही रचना व्यापारी कुटुंबांना परिचित आहे. बॅटरीचा माल जिन्याखाली किंवा एकमेव वाटेवर कधीही रचू नये. गाळ्यात रात्री कोणी झोपत असेल तर हा माल त्याच खोलीत ठेवू नये, आणि दुकान बंद करताना चार्जिंगच्या सर्व जोडण्या काढल्याची खात्री गल्ला मोजण्याइतकीच नित्याची व्हावी.

प्रवास, अपघात आणि विसर्जन

परदेशातील आप्तांकडे जाताना मुले तलवार सोबत नेतात. सुटे लिथियम सेल विमानाच्या सामानकक्षात चालत नाहीत. ते हातातील पिशवीतच, टोके झाकून ठेवावे लागतात. ३.७ व्होल्ट व ३००० एमएएचचा सेल ११.१ वॅट-तासांचा भरतो आणि विनापरवानगी नेण्याची मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. तेव्हा प्रमाणाची अडचण नाही, फक्त तो योग्य पिशवीत असावा. मूठ हत्यारासारखी दिसत असल्याने ती मात्र सेल काढून मोठ्या बॅगेत ठेवणे सोयीचे.

सेलने पेट घेतला तर प्रथम माणसे बाहेर काढावीत. त्यातून निघणारा धूर विषारी असतो. मुख्य स्विच सुरक्षितपणे बंद करता आला तर करावा, १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. वीज बंद असेल आणि आग लहान असेल तर भरपूर पाणी ओतणे उपयुक्त ठरते, कारण शेजारच्या वस्तू थंड ठेवणे महत्त्वाचे असते. विझलेला सेल पुन्हा पेटू शकतो. त्याला लगेच हात लावू नये.

निकामी सेल ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नये आणि भंगारवाल्यालाही देऊ नये. कचरागाडीत दाबला गेलेला सेल तेथे पेट घेऊ शकतो, आणि ती झळ सोसतो तो सफाई कामगार. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे आणि त्या परत घेऊन पुनर्प्रक्रियेस पाठवणे ही उत्पादक व आयातदार यांची जबाबदारी. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, तो वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवावा. सोसायटीत असा एक डबा ठेवून सहा महिन्यांतून एकदा एकत्र पाठवणी केली तर कोणालाही वेगळा फेरा पडत नाही.

या साऱ्या काळजीस खर्च फारसा नाही. एक मल्टिमीटर, प्लास्टिकच्या चार डब्या, चिकटपट्टी आणि एक चिठ्ठी एवढ्यात भागते. अवघड आहे ते दर तीन महिन्यांनी आठवणीने पाहणे. आणि ते काम घरात कोणा एकाकडे नावानिशी सोपवले नाही तर ते कोणाचेच राहत नाही. तलवार ज्याची, त्याच मुलाकडे चिठ्ठी लिहिण्याचे काम द्यावे आणि मोजताना वडीलधाऱ्याने जवळ बसावे. खेळणे कालांतराने मागे पडेल. साठवलेल्या वस्तूवर नजर ठेवण्याची सवय मात्र त्याला उद्या पेढीवर बसल्यावरही उपयोगी पडेल.